पाण्याआधी भुसा

धोप्याची, म्हणजे अळूची, सोळा पानं होती, त्यांतल्या आठांना बेसन लावून झालं होतं. पार्वताबाईनं नववं पान पाटावर पालथं घातलं, त्याची जाड शीर अंगठ्यानं दाबून चपटी केली, आणि त्याच वेळी तलावाच्या पाळीकडून पत्रा फाटल्यासारखा मोठा आवाज आला.

समोरच्या खोलीत कान्होबा बसलेला होता. काल अष्टमीला मातीची मूर्ती पाटावर मांडली होती, वर फुलोरा बांधला होता. करंज्या, पापड्या, पुऱ्या दोऱ्यांना लटकत होत्या. आज चार वाजता गावातले सगळे कान्होबा वाजतगाजत पाळीवरून तलावावर जायचे आणि शिरवायचे, म्हणजे पाण्यात विसर्जित करायचे. खैरटोल्यात हा दिवस पोळ्याइतकाच मोठा. देवाला निरोप देताना धोप्याच्या वड्या हव्यातच, अशी पार्वताबाईच्या सासूची रीत होती, आणि सासू जाऊन बारा वर्षं झाली तरी ती रीत पार्वताबाईनं एकदाही मोडली नव्हती.

सून रिता पळत आत आली. "आई, पाळीवर पिकप पलटी झाली! लाखनीची आहे. डायवर बरा आहे, कोपर फुटलं फक्त. पण त्याच्यातून काय की दुधासारखं वाहून राहिलं."

"दुधासारखं?"

"हो न. पोरं तमाशा पाहून राहिले. एक जण तर म्हणे, कान्होबाचं दूध सांडलं."

पार्वताबाईनं बेसनाचे हात तसेच वर धरले. पाळीकडून वारा येत होता आणि त्या वाऱ्यात एक वास होता. रॉकेलचा, आणि त्याच्या पोटात कुजक्या लसणाचा. हा वास तिच्या ओळखीचा होता. नऊ वर्षं तिनं तो नाकात वागवला होता.

"रिता, धानाच्या हलर मशीनवर जा," ती म्हणाली. "भुशाची पोती आण. आतल्या शेडमधला आणजो, बाहेरच्या ढिगाचा नोको, तो ओला आहे. आन् घराघरातून चुलीची राख. कोरडी. पाहून घे, हात लावून."

"आन् वड्या?"

"वड्या थांबतीन."

*

पार्वताबाईचं माहेर बपेऱ्याकडचं. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती खैरटोल्याला आली. नवरा बुधराम ढिवर. तलावात डोंगा घालणारा, जाळं विणणारा, बोलायला कमी. गावचा तलाव मासेमार संस्थेकडे आणि संस्थेतली तेवीस घरं त्या तलावावर जगणारी. बुधरामचं जाळं वर्षाचे काही महिनेच कामाचं, म्हणून पार्वताबाई लाखनीला एका कृषी केंद्राच्या गोदामात झाडलोटीला लागली. बियाण्याची पोती, खताची पोती, आणि एका कोपऱ्यात औषधाच्या पेट्या. शेतकरी सगळ्या विषाला औषधच म्हणतात. गोदामातही तोच शब्द होता. तिला वाचता थोडंफार यायचं, पण पेटीवरचं बारीक इंग्रजी वाचायची गरजच नव्हती. डब्यावर तिरपा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल म्हणजे सगळ्यांत वाईट, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हे तिला गोदामातल्या म्हाताऱ्या दिवाणजीनं शिकवलं होतं. आणखीही एक गोष्ट त्यानं शिकवली, पण ती उशिरा. ती गोष्ट पुढे येईल.

गोदाम सुटून सहा वर्षं झाली होती. गुडघे दुखू लागले, मुलगा नागपूरला कामाला लागला, सून घरात आली, तेव्हा तिनं ती नोकरी सोडली. गावात कोणाच्या लक्षातही नव्हतं की बुधरामच्या बायकोला असलं काही कळतं.

*

पाळ म्हणजे गावाचा रस्ताच. डाव्या हाताला धानाच्या बांध्या, उजव्या हाताला तलाव, आणि मधे डांबराची अरुंद सडक. समोर आलेल्या म्हशीला वाचवताना पिकप एका कुशीवर आडवी झाली होती. पेट्या बाहेर फेकल्या गेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच शाबूत होत्या, पण वीस लिटरचा एक कॅन दगडावर आपटून फुटला होता. आतलं तपकिरी तेल सडकेवर पसरत होतं, आणि जिथे ते कालच्या पावसाच्या डबक्याला मिळत होतं, तिथे पांढरंशुभ्र होत होतं. त्या पांढऱ्याची एक बोटभर धार सडकेच्या कडेकडेनं निघाली होती. पुढे पंधरा पावलांवर मोरी होती, आणि मोरीचं तोंड तलावात.

पार्वताबाईनं मोरीकडून तलावाकडे पाहिलं. आठच दिवसांपूर्वी संस्थेनं तलावात बोटुकल्या सोडल्या होत्या, बोटाएवढी रोहू-कतल्याची पिल्लं. संस्थेतल्या तेवीस घरांचं पुढचं वर्ष त्या पाण्यात पोहत होतं. आणि चार वाजता गावातल्या पोरीबाळी कान्होबा डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यात उतरणार होत्या.

"प्रितम!" तिनं ड्रायव्हरला ओळखलं. कृषी केंद्राचाच पोरगा, गोदामात असताना तिच्या डब्यातली भाकर खायचा. "काय आहे रे कॅनमध्ये? तेजाब तर नाही?"

"नाही मावशी. तुडतुड्याचं औषध."

"रंग?"

प्रितमनं कॅन पायानं न हलवता वाकून पाहिलं. "पिवळा."

"शेठले फोन कर. कृषी कार्यालयात कर. पोलिसपाटलाले सांग. आन् तुझी पँट भिजली आहे, ती आधी काढ. लाज नोको धरू, साबण लावून धू, तिकडे नळावर, तलावात नाही."

लिलाधर नावाचा एक शेजारी वाऱ्याकडे तोंड करून उभा होता, खिशातून बिडी काढून. काडी ओढणार तोच पार्वताबाई ओरडली, "बिडी फेक! तेल आहे ते. पाळीसगट जळशील."

"एवढं काय व वहिनी..." म्हणत त्यानं बिडी कानामागे खोचली. काडी मात्र खिशात गेली.

तिनं स्वतः पहिलं काम केलं ते मोरीचं. बुधरामच्या मदतीनं रेतीची दोन पोती, जी पाळीच्या भगदाडासाठी ग्रामपंचायतीनं टाकून ठेवली होती, ती ओढत आणून मोरीच्या तोंडाशी आडवी टाकली. पांढरी धार पोत्याला येऊन टेकली आणि थांबली. पण थांबली म्हणजे संपली नाही. तिच्यामागे तळं वाढत होतं.

*

एवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर आणि टँकरवर सेवकराम.

सेवकराम म्हणजे बुधरामचा चुलत मोठा भाऊ, संस्थेचा अध्यक्ष, आणि कान्होबाच्या मिरवणुकीचा कर्ताधर्ता. दर वर्षी देव निघायच्या आधी तो स्वतः पाळीवर सडा टाकायचा. देवाच्या वाटेवर शेण-माती राहू नये, अनवाणी बायकांच्या पायाला खडा टोचू नये, एवढीच त्याची भक्ती, आणि ती खरी होती. आज तर सडकेवर विष सांडलेलं. त्यानं टँकर काठोकाठ भरून आणला होता.

"बुधराम, सरका सगळे! अर्ध्या घंट्यात सडक काचेसारखी करतो. चार वाजता देव जाऊन राहिला इथून."

पार्वताबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला. सेवकराम तिचा भासरा. भासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, त्याच्यासमोर उघड्या डोक्यानं यायचं नाही, त्याच्या सावलीतही उभं राहायचं नाही, ही रीत. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि या एकतीस वर्षांत दोघांमध्ये एकही सरळ शब्द झालेला नव्हता. काही सांगायचं असलं तर मधे कोणीतरी असायचं. कोणीच नसलं तर भिंतीला सांगायचं आणि भिंतीपलीकडून ऐकायचं.

ती नवऱ्याला हळू म्हणाली, "त्यायले सांगा, पाणी नोका टाकू."

"दादा," बुधराम म्हणाला, "हे म्हणते का पाणी नोका टाकू."

"काहून?"

"काहून म्हणते दादा."

"मले ऐकू येते, मी बहिरी नाही," पार्वताबाई पदराआडून म्हणाली. "त्यायले सांगा, पाण्यानं ते जाणार नाही, पसरीन. पसरून मोरीत जाईन."

"दादा, पसरीन म्हणते."

"अरे, एवढ्या पाण्यात काय राहते त्याचं? तलाव का लहान आहे? पाणी सगळं पोटात घेते. आपल्या बापजाद्यानं सगळं पाण्यातच तर थंड केलं. घट पाण्यात, भुजल्यांचे अंकुर पाण्यात, निर्माल्य पाण्यात. बायकायचं ऐकत बसलो तर देव घरातच राहीन."

लोक हसले. सेवकरामनं टँकरच्या मागच्या व्हॉल्व्हवर हात ठेवला. बुधराम जागचा हलला नाही. मोठ्या भावाचा हात धरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

पार्वताबाई पुढे झाली. टँकरच्या नळीसमोर जाऊन उभी राहिली. भासऱ्याला काय म्हणून हाक मारायची हेही तिला ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती.

"दादाजी," ती म्हणाली. थेट. पदर होता, पण नजर वर होती. "मी एकदा पाणी टाकलं आहे."

बाई भासऱ्याशी बोलली, हे आधी लोकांच्या कानात शिरलं, आणि काय बोलली हे नंतर.

"लाखनीच्या गोदामात होतो ना मी. दुसऱ्याच वर्षी. अशीच एक बाटली फुटली, लिटरभराची. हेच, पिवळ्या चौकोनाचं. मले वाटलं शेठ ओरडीन, म्हणून गपचूप दोन बादल्या पाणी ओतलं, खराट्यानं नालीत लोटलं. फरशी साफ झाली. मलेच बरं वाटलं. गोदामामागे सखाबाईची बोडी होती, लहानसं तळं. आपलीच बाई, बोडी घेतली होती तिनं, झिंगे आन् मासोळी पाळून बाजारात बसायची. दिवस मावळायच्या आत सगळी बोडी पांढरी झाली. पोटं वर करून. झिंगे काठावर चढून मेले, पाण्यातून पळाले जसे. बदकं मेली दोन." तिनं टँकरकडे बोट केलं. "एक लिटर होतं ते. आन् दोन बादल्या. हे वीस लिटर आहे, आन् तुमचा टँकर."

"मग सखाबाईले कोणं सांगतलं?" गर्दीतून शेजारच्या तुळसानं विचारलं.

"कोणंच नाही. मी नाही सांगतलं. देवापुढे बोललो, माणसापुढे आज बोलून राहिलो."

त्यानंतरच दिवाणजीनं तिला दुसरी गोष्ट शिकवली होती. त्याला कळलं होतं की नाही, हे तिला कधीच समजलं नाही. त्यानं एवढंच म्हटलं होतं की सांडलं की आधी शोषून घ्यायचं, धुवायचं नाही. पाण्याआधी भुसा. तेव्हापासून गोदामाच्या दारामागे तिनं सात वर्षं कोरड्या भुशाचा एक डबा भरून ठेवला. तो डबा भरणं हेच तिचं प्रायश्चित्त होतं, असं ती मनात धरून होती. पण सखाबाई बाजारात दिसली की ती रस्ता बदलायची, आणि प्रायश्चित्त झालं असतं तर रस्ता बदलावा लागला नसता, हेही तिला कळत होतं.

सेवकरामचा हात व्हॉल्व्हवरच होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. रीत त्याच्याकडूनही होती. तो तलावाकडे पाहत होता. तिथे, पाण्याच्या वरच्या थरात, बोटुकल्यांचा एक थवा वळला आणि पाणी चमकलं.

"बुधराम," तो म्हणाला, "टँकर मागे घे. आन् त्यायले विचार, काय काय लागते."

*

लागणाऱ्या गोष्टींत सगळ्यांत अवघड होतं ते कोरडेपण. श्रावणात कोरडं काय मिळतं? अंगणातली माती चिखल, शेतातली माती चिखल. ओला भुसा काहीच पीत नाही. रितानं हलर मशीनच्या शेडमधून सात पोती भुसा आणला. सुताराकडून लाकडाचा भुरका आला. राख घराघरातून टोपल्यांनी आली; एका म्हातारीनं तर चुलीत हात घालून कालची गरम राख आणली होती, तिला परत पाठवावं लागलं, कारण राखेत निखारा असला तर सगळंच संपलं.

हातमोजे कोणाकडे नव्हते. पार्वताबाईनं हातांना प्लास्टिकच्या जाड पन्न्या बांधल्या, मनगटाशी सुतळी आवळली. पायात बुधरामचे चिखलणीचे रबरी बूट, नाकावर तिहेरी फडकं. वारा पाठीशी घेऊन ती उभी राहिली. मदतीला तिनं फक्त बुधरामला आणि पँट बदलून आलेल्या प्रितमला घेतलं. बाकीच्यांना पाळीच्या दोन्ही टोकांना उभं केलं, माणसं आणि जनावरं अडवायला.

"मधात नोको टाकू," ती प्रितमला म्हणाली. त्यानं पहिलं घमेलं तळ्याच्या मध्यावर उपडं करायला उचललं होतं. "मधात टाकलं तर बाहेर पळते ते. काठापासून टाक. कुंपण घालजो आधी, मग आत आत ये."

धानाचा भुसा नुसता फार पीत नाही, तेलावर तरंगतो, हे तिला माहीत होतं. म्हणून ती त्यात राख आणि भुरका मिसळत गेली. तेलाच्या काठाभोवती राखाडी कडं झालं. मग आतलं कडं. मग आणखी आतलं. तपकिरी रंग भुशात चढत गेला, जसा कोरड्या भाकरीत वरणाचा रंग चढतो. मोरीजवळच्या पांढऱ्या डबक्यावर तिनं सर्वांत जास्त ओतलं, कारण पाणी मिसळलेलं विष जास्त पळपुटं.

"आता?" बुधराम म्हणाला.

"आता थांबायचं."

थांबणं हेच सगळ्यांत कठीण होतं. पंधरा मिनिटं कोणी काही करायचं नाही, भुशाला त्याचं काम करू द्यायचं. गावकऱ्यांना वाटलं, ही बाई नुसती उभी काय राहिली! तेवढ्यात पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. थेंबाचा अंदाज घेत सगळ्यांच्या माना वर गेल्या. पाऊस आला तर टँकरपेक्षा वाईट.

"झाडा ना व आता!" कोणीतरी ओरडलं.

पार्वताबाईनं मनात कान्होबाचं नाव घेतलं. देवाकडे तिनं पाऊस थांबवायला सांगितलं नाही. देवाला एवढ्याशा कामासाठी ढग वळवायला लावणं तिला बरोबर वाटेना. तिनं एवढंच मागितलं की आपली घाई होऊ देऊ नकोस. मग सेवकरामच्या खळ्यावरची ताडपत्री आणायला लावली, आणि दोन माणसांना ती मोरीच्या वरच्या बाजूला धरायला सांगितली.

पंधरा मिनिटांनी त्यांनी झाडायला घेतलं. खराट्यानं, जोरात नाही, धूळ उडणार नाही असं. पत्र्याच्या तुकड्यावर घ्यायचं आणि पोत्यात भरायचं. पोती युरियाची, पण आत प्लास्टिकची पिशवी असलेलीच. नुसत्या विणलेल्या पोत्यातून पाझरतं. पहिला थर उचलल्यावर डांबरावर तेलकट डाग राहिला होता. त्यावर चुना टाकला, त्यावर परत भुसा. दुसरं झाडणं झालं तोवर टपोरे थेंब पडू लागले होते, आणि डागावर ताडपत्री पसरून, कडेला दगड ठेवून ते पाळीवरून उतरले.

पोती बरोबर अकरा झाली.

*

पाऊस अर्धा तास पडला. तो थांबल्यावर पार्वताबाईनं पोती मोजली. हलर मशीनच्या शेडमध्ये फळ्यांवर रचून ठेवली होती. दहा भरली.

तिनं परत मोजली. दहाच.

रिता म्हणाली, "आई, तुळसाकाकू एक नेताना दिसली. म्हशीखाली अंथराले पाहिजे होता म्हणे. वरचा भुसा तर कोरडाच होता."

पार्वताबाई पन्न्या परत हाताला बांधत तुळसाच्या गोठ्यात गेली. पोतं उघडलेलं होतं. दोन घमेली भुसा म्हशीच्या पायाखाली पडलेला, आणि म्हैस मान खाली घालून हुंगत होती.

"अवो माय," तुळसा कपाळाला हात लावत म्हणाली, "मले काय माहीत! भुसा तो भुसाच ना? मी तर म्हणलं, तुम्ही एवढं मेहनतीनं गोळा केलं, फेकून कायले द्याचं?"

"भुसा नाही राहिला तो, तुळसा. त्यानं औषध पिलं आहे. आता तो भुसा म्हणजे औषधच."

म्हैस आधी बाहेर काढली. तिचे खूर आणि तोंड साबणानं धुतले, धुतलेलं पाणी गोठ्याच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात अडवून त्यावर राख टाकली. सांडलेला भुसा, त्याखालची बोटभर माती, सगळं खरवडून परत पोत्यात. तो राखेचा चिखलही दुसऱ्या दिवशी त्याच पोत्यात गेला. म्हैस वाचली. तुळसा मात्र त्यानंतर आठवडाभर सांगत होती, माझ्या म्हशीला पार्वतावहिनीनं नवरीसारखी आंघोळ घातली.

तिनं रागावून बोलायला हवं होतं, असं रिताला वाटलं. पण पार्वताबाई रागावली नाही. सांडलेलं दिसतं, म्हणून माणूस घाबरतं. शोषलेलं दिसत नाही. ते पोत्यात गेलं की सगळ्यांना वाटतं, संपलं. तिला स्वतःलाही गोदामाची फरशी धुतली तेव्हा असंच वाटलं होतं.

*

चार वाजून गेले. कान्होबाची डफडी वाजली नाहीत. बायका पदराखाली ताटं धरून दारात उभ्या. देव आजच्या आज शिरवायचा असतो. घरात राहिला तर काय, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तो कधी राहिलाच नव्हता.

सेवकराम बुधरामच्या अंगणात आला. ओट्यावर बसला. पार्वताबाई आत दाराआड.

"बुधराम, तलावात काही गेलं का नाही, कसं कळीन?"

"दोन हापे लावतो दादा," बुधराम म्हणाला. हापा म्हणजे बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा, बोटुकल्या ठेवायचा. "एक मोरीच्या तोंडाशी, एक तिकडे पलीकडच्या काठाले. दोन्हीत तीस तीस पिल्लं. इकडच्या मेल्या आन् तिकडच्या जगल्या, तर पाण्यात गेलं. दोन्हीकडे सारख्याच राहिल्या, तर काही नाही. एकच लावला तर समजत नाही, पिंजऱ्यानं मेल्या का विषानं."

आयुष्यात बुधराम मोठ्या भावासमोर एवढं सलग पहिल्यांदाच बोलला असेल.

"आन् तोपर्यंत देव?"

दाराआडून आवाज आला. या वेळी मधे कोणी नव्हतं. "दादाजी, तोपर्यंत देव राहीन घरात. आपल्या घरी पाहुणा एक दिवस जास्त राहिला तर आपण का हाकलतो? विषाच्या पाण्यात त्याले उतरवण्यापरीस बरं."

सेवकराम म्हणाला, तिच्याकडे नाही, अंगणातल्या तुळशीकडे बघून, "सखाबाईचं... मले माहीत होतं तिची बोडी मेली ते. आमच्याच नात्यातली आहे. तेव्हा आम्ही म्हणलो, कोणं तरी दुष्मनीनं टाकलं. दोन घरं अजून बोलत नाही एकमेकाशी त्याच्यापायी."



"सांगजा तिले," तो म्हणाला आणि उठला. जाताना गावभर सांगत गेला की देव आज शिरणार नाही, सगळ्यांनी परत आरती करा, आणि तलावात कोणी पाय घालायचा नाही, जनावरंही नाही.

त्या संध्याकाळी खैरटोल्यात घरोघरी दुसऱ्यांदा आरती झाली. फुलोऱ्यातल्या करंज्या पोरांनी आधीच तोडून खाल्ल्या होत्या. नुसते दोरे लटकत होते. पार्वताबाईनं त्या दोऱ्यांखालीच दिवा लावला.

*

सकाळी बुधराम डोंग्यातून निघाला. पाळीवर गाव जमलं. मोरीच्या तोंडाशी हापा वर उचलला, तेव्हा सगळे पुढे झुकले. पिल्लं फडफडली. त्यानं एकेक मोजून दुसऱ्या जाळीत टाकली. अठ्ठावीस जिवंत, दोन मेलेली. पलीकडच्या काठाचा हापा: सत्तावीस जिवंत, तीन मेलेली.

"पिंजऱ्यानंच मेल्या," बुधराम म्हणाला.

सेवकराम पाळीवर खाली बसला, तसाच, ओल्या मातीत. बायकांनी ओंजळी कपाळाला लावल्या. पार्वताबाईनं हात जोडले, पण तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं, शेडकडे होतं. तलाव वाचला होता, पण तलावात गेलं नव्हतं ते सगळं अकरा पोत्यांत बसलं होतं. जाळता येत नाही, धूर विषाचा. पुरता येत नाही, खालचं पाणी आपलंच. नदीत नाही, शेतात नाही. काल गोपाळकाल्याची सुट्टी म्हणून कार्यालयात कोणी नव्हतं. प्रितमच्या शेठनं फोनवर सांगितलं होतं की कंपनीची गाडी येईल, पण कार्यालयाचं पत्र लागेल, कॅनवरचा कागद लागेल, पोत्यांचा आकडा लागेल.

"देव आज शिरवायचा ना मग?" रितानं विचारलं.

"आज नाही. अजून दोन दिवस पाहू. तलावातही नोको अजून कोणं उतरू." तिनं शेडला कुलूप घातलं, चावी रिताच्या हातात दिली. "हे कोणाले द्याची नाही. तुळसाले तर नाहीच."

फुटलेल्या कॅनवरचा पिवळ्या चौकोनाचा कागद तिनं कालच पन्नीत घालून ठेवला होता. तो पिशवीत टाकला, अकरा पोत्यांचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाकली, आणि नऊच्या बससाठी सडकेवर जाऊन उभी राहिली. लाखनीला तालुका कृषी कार्यालयात जायचं होतं, पोती उचलणाऱ्या गाडीचं पत्र मागायला.